तिकीट निघालंय नागपूरला

राहुरीहून नागपूरला जायचं तर आधी नागपूरकडे पाठ फिरवावी लागते. आमची गाडी राहुरीला थांबत नसे. म्हणून एसटीनं दक्षिणेला नगर गाठायचं, तिथं गाडीत बसायचं आणि पुन्हा राहुरीवरूनच उत्तरेला निघायचं. डिसेंबर 2017 मध्ये मेव्हणीच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही नवराबायको असेच निघालो. उसाच्या ट्रॉल्या आणि खड्डे यांच्यामधून एसटीनं आम्हाला नगरात आणून टाकलं तेव्हा कंबर अर्धी मोकळी झाली होती. स्लीपरच्या दोन खालच्या बर्थ मिळाल्या म्हणताच ती पुन्हा जुळली.

वांबोरी गेलं आणि बायको म्हणाली, "अहो, कुलूप लावलंत ना?"

आता हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्यानं कुलूप लावलं नसतंच. निदान त्या क्षणापासून तरी. मला दार ओढलेलं आठवत होतं, कडी आठवत होती, कुलूप हातात घेतलेलंही आठवत होतं. पुढचं चित्र पुसट. आमच्यापासून शनिशिंगणापूर किती लांब? तिथं घरांना दारंच नसतात, कुलपाचा प्रश्न उद्भवत नाही. पण शनिदेवांची हद्द राहुरीपर्यंत येते असं कुणी छातीठोक सांगत नाही. शेजाऱ्यांना फोन लावला, तर ते शिर्डीला दर्शनाच्या रांगेत.

आणि तेवढ्यात गाडी थांबली. कुठं? राहुरीला! दौंड-मनमाड हा लोहमार्ग 1878 चा. तेव्हा आमच्या भागात तो एकेरीच होता. समोरून गाडी येणार असली की कुठल्या स्टेशनात मान तुकवून उभं राहायचं हे त्या दिवशीच्या क्रॉसिंगवर ठरे. ज्या गाडीसाठी आम्ही नगरपर्यंत हाडं खिळखिळी करून घेतली ती आमच्याच गावात, आमच्याच खिडकीखाली फलाट घेऊन उभी होती.

"मी उतरतो, उद्या येतो," म्हणालो आणि उतरलो.

गाडी हलल्यावर मला हिशेब सुचला. सातशे किलोमीटरहून जास्त अंतराचं तिकीट आणि मी वापरलं चाळीसाच्याही आत. म्हणजे जवळजवळ सगळे पैसे परत! स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेलो.

"तिकीट द्या."

"ते गाडीत आहे."

"गाडी कुठंय?"

"आत्ता तुम्हीच सोडलीत."

मास्तर भले माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली. एका तिकिटावर दोन नावं होती. ते तिकीट माझ्या हाती असतं तर बायको विनातिकीट ठरली असती, आणि नागपूरच्या साखरपुड्यात तो एक वेगळाच विषय झाला असता. "बाईंना म्हणावं, एक प्रवासी राहुरीला उतरला असं टीसीकडून लिहून घ्या. मग तिकीट नि तो कागद देऊन टीडीआर काढा." टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. खिडकीवर पैसे मिळत नाहीत, पावती मिळते. तिच्यासोबत अर्ज वाणिज्य कार्यालयाकडे धाडायचा.

"त्यापेक्षा मी उद्याच्या गाडीनं याच तिकिटावर गेलो तर? ब्रेक जर्नी असते ना?"

"असते. पण आधी पाचशे किलोमीटर जावं लागतं."

बायकोला फोन केला. तिकडून टीसीचा आवाज आला, "कारण काय लिहू?" बायको म्हणाली, "कुलूप." त्यांनी काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही.

मग मास्तरांनी कागदावर आकडे मांडले. स्लीपरमध्ये चाळीस किलोमीटर असं काही नसतं. भाडं कमीत कमी दोनशे किलोमीटरचं. मी वांबोरीच्या पुढच्या स्टेशनात उतरलो असलो तरी रेल्वेच्या लेखी पार मनमाड ओलांडून गेलो होतो. बरं, दोनशे वजा करून उरलेल्या पाचशेंचे पैसे सरळ मिळतील म्हणावं, तर तेही नाही. लांबच्या प्रवासाला दर किलोमीटरमागे भाडं कमी पडतं, जवळच्याला जास्त. वांबोरीच्या बाजारात कांद्याची गोणी घेतलीत तर एक भाव आणि किलोभर घेतलात तर दुसरा, तसंच. मी गोणी परत करत होतो आणि वापरलेला किलो मला किलोच्या भावानं लावला जाणार होता. शिवाय आरक्षणाचे वीस रुपये गेलेच. कृषी विद्यापीठाच्या गावचा माणूस मी, हे गणित मला पटकन कळायला हवं होतं.

रिक्षानं घरी गेलो. कुलूप लागलेलं होतं. किल्ली बायकोच्या पर्समध्ये, पर्स मनमाडच्या आसपास. रात्र चुलत्यांकडे काढली, सकाळी एसटीनं निघालो आणि साखरपुडा आटोपल्यावर पोचलो. जिलबी उरली होती.

रेल्वेचे पैसे यथावकाश आले. नियमात बसतील तेवढेच आले, तक्रार नाही. एसटी, रिक्षा, झेरॉक्स आणि रजिस्टर पोस्ट यांचा खर्च मात्र त्याहून जास्त भरला.

आता नगरहून गाडी पकडली की वांबोरी गेल्यावर बायको खिडकीचं शटर खाली ओढते. राहुरी गेल्याशिवाय ती ते उघडू देत नाही.