भिंत बघणारा माणूस

मुंबईत भिंतीसमोर उभं राहायला सर्वमान्य कारण लागतं. पुरुषमाणूस असेल तर एक कारण लोक न विचारताच गृहीत धरतात आणि वॉचमन लांबूनच ओरडतो. 'भिंत बघतोय' हे मात्र कुणाच्या पचनी पडत नाही.

माझा रविवारचा उद्योग नेमका तोच. माटुंगा रोडला उतरायचं आणि तुलसी पाईप रोडनं, म्हणजे पाटीवरच्या सेनापती बापट मार्गानं, रेल्वेच्या भिंतीकडेनं चालत सुटायचं. २००९ साली ही भिंत हौशी लोकांनी रंगवली. त्यावर पुढचे हात ऊन, पाऊस आणि पिचकाऱ्या यांनी मारले.

वांद्र्याला काम मोठं. रिक्लेमेशनजवळच्या टेलिफोनच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले. भारतीय मूकपटाचा जनक, आणि तो टेलिफोनच्या भिंतीवर! ही कोटी ज्याला सुचली त्याला, आणि सुचली नसेल तर योगायोगाला, माझा दंडवत. याच दहियांनी चॅपल रोडला अनारकली काढली होती. बिचारीला सिनेमात भिंतीत चिणायला नेलं होतं. वांद्र्यात ती भिंतीतून बाहेर आली.

पण माझा खरा जीव निनावी कलेवर. जुन्या चाळींच्या जिन्यात, वळणावर, गुडघ्याएवढ्या उंचीला देवांच्या टाइल्स बसवतात. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस. भक्तीपेक्षा थुंकणाऱ्यांना धाक म्हणून. गिरगावातल्या एका जिन्यात गणपती आणि साईबाबा यांच्यात चार बोटं फट राहिली आहे. त्या फटीत, दोन्ही देवांच्या केसालाही धक्का न लावता, कुणीतरी पान थुंकलं आहे. वर पसरट, खाली निमुळता होत गेलेला ओघळ, कडेला काताचा तपकिरी काठ. तोंडात तोबरा, पायाखाली अंधारा जिना, आणि हा नेम! माणूस म्हणून मला त्याचा संताप येतो. रसिक म्हणून मी खाली वाकून बघत होतो.

तेवढ्यात वरून एक गृहस्थ उतरले.

"बिल्डरकडून आलात?"

"नाही हो, सहज बघतोय."

"सहज कोण बघतं? या वर, गळती दाखवतो."

नाही म्हणायला फट मिळाली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत छताला ओल धरली होती. मधे शेवाळी हिरवा, भोवती गंजाचा पिवळा, आणि कडेला पोपडे सुटून खालचा कधीकाळचा निळा डोकावत होता. असा निळा हल्ली रंगाच्या दुकानात मिळत नाही. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "वा!"

गृहस्थांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, चहा टाक. साहेबांना गळती पसंत आहे!"