पातळी सांगा की राव!

पावसाळ्यात कोल्हापूरकर डोळे उघडले की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, मग चहा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. शाळकरी पोरालाही पाठ. आकडा सरकारी, फुकट आणि इंचापर्यंत चोख.

त्याच मोबाइलवर दुसराही पूर आलेला असतो. त्याला बंधारा नाही आणि पट्टीही नाही. बुडालेल्या रस्त्याचा फोटो येतो, खाली ‘आत्ताच काढलाय, काळजी घ्या’. फोटो 2019 च्या महापुराचा. त्यातल्या फ्लेक्सवरचा भावी आमदार एव्हाना माजी झालाय, तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला शंका नाही. काका हात जोडतात आणि पुढे ढकलतात. निरोपावर दोन बाण दिसतात, म्हणजे तो पाच किंवा जास्त टप्पे ओलांडून आलाय. मोजणी होते तर! पण तेवढ्यापुरतीच. करवीरात किती फिरला, शिरोळात कधी पोचला, हे विचारायची सोय नाही. असो, खासगी गप्पा कुलपात आहेत, त्या कुलपातच बऱ्या. चव्हाट्यावरच्या गप्पांचं काय?

चव्हाट्यालाही आता तिकीट लागतं. ट्विटरने 2023 मध्ये अभ्यासकांची फुकट वाट बंद केली. त्या वर्षीचा साधा दर महिना 100 डॉलर, त्यात वाचायला ट्विटं 10 हजार. एवढी तर भारत-पाकिस्तान सामन्यात एका षटकात पडतात. फेसबुकवर काय पसरतंय ते दाखवणारं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट 2024 मध्ये गुंडाळलं, तेही अमेरिकेची निवडणूक तोंडावर असताना. जाहिरातदाराला मात्र ‘कोल्हापूर, वय 25 ते 40, मोटारसायकलची आवड’ असं गिऱ्हाईक आजही निवडून मिळतं.

मराठीची तर आणखीच गंमत. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्विटं यंत्राला शिकवायला सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी लावली. काम मोलाचं. पण ट्विटं आली कुठून? महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरून. नामवंत काय लिहिणार? जयंतीला अभिवादन, वाढदिवसाला शुभेच्छा, विरोधकाला चिमटा. त्यावर शिकलेल्या यंत्राने गंगावेशीत मित्राने मित्राला घातलेली प्रेमाची शिवी ऐकली तर थेट पोलिसांत जाईल. दोष त्या पोरांचा नाही. जे हाती लागलं त्यावर त्यांनी संसार मांडला.

मग आपल्याला या दुसऱ्या पुराची पातळी कळते कधी? उंबऱ्यापर्यंत आल्यावर. जून 2023 मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि प्रशासनाने इंटरनेट तोडलं. सरकारकडे मोजपट्टी नव्हती, बटण होतं. अफवा थांबली की नाही देव जाणे. भाजीवालीचं ऑनलाइन पेमेंट मात्र थांबलं.

2025 मध्ये कोल्हापूरकरांनी उलटा डाव टाकला. नांदणी मठाची माधुरी हत्तीण अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात गेली, तसे लोक अंबानींच्याच जिओचे नंबर पोर्ट करत सुटले. जनभावनेचं विश्लेषण करायला एकही प्राध्यापक लागला नाही. ऑगस्टमध्ये वनताराकडून नांदणीतच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला. पोस्टी कितीही टाका, कंपनीला गिऱ्हाईक सुटल्याचा आकडा लवकर समजतो.

पण दर वेळी हत्तीण कुठून आणायची? युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्याने मोठ्या कंपन्यांना संशोधकांसाठी डेटा खुला करायला लावलाय. आपला 2023 चा डेटा कायदा या बाबतीत मूग गिळून बसलाय. तेव्हा मत मागायला कुणी दारात आलं, की रस्ता-पाण्याच्या यादीत एक मागणी वाढवा: जाहिरातदाराला जे दिसतं, ते नावं-नंबर झाकून शिवाजी विद्यापीठातल्या पोरांनाही दिसू द्या. आणि तोवर, काका, दोन बाण दिसले की अंगठा आवरा!