गर्भसंस्कारांचा अभ्यासक्रम

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात गर्भसंस्कार, म्हणजे मंत्र, संगीत व सद्विचार यांद्वारे गर्भस्थ जिवाला घडवण्याचा प्रयत्न, हा आता सशुल्क वर्गांचा विषय झाला असून, सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहभेदाची अर्धीच विद्या मिळालेल्या अभिमन्यूचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक असतानाही दाखला त्याचाच दिला जातो. गर्भाला ध्वनी जाणवू लागतो तो साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास. शुल्क मात्र त्याच्या कितीतरी आधी जाणवते.

भावी पिता या वर्गांना निष्ठेने हजर राहतो, डोहाळजेवणात धनुष्यबाण धरलेल्या पत्नीशेजारी छायाचित्रासाठी उभा राहतो आणि सिझेरियनसाठी, म्हणजे पोट व गर्भाशय छेदून करावयाच्या प्रसूतीसाठी, ज्योतिषाकडून मुहूर्तही काढून आणतो. लंगोट कसा बदलावा हा प्रश्न तेवढा अभ्यासक्रमाबाहेर राहतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे, चीक, म्हणजे संरक्षक घटकांनी समृद्ध असे पहिले घट्ट, पिवळसर दूध, पिळून टाकू नये आणि मध किंवा घुटी चाटवू नये, हे आशा सेविका घरी येऊन विनामूल्य सांगते, आणि बहुधा विनामूल्य असल्यामुळेच ते ज्ञान सुशिक्षितांना कमी प्रतीचे वाटते.

मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार मातेला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी पित्याला 15 दिवस मिळतात, खासगी क्षेत्रातील पित्यासाठी मात्र तशी सर्वसाधारण कायदेशीर तरतूदच नाही, आणि त्याबद्दल मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.