बरोबर उत्तराचा संशय

चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याची मला काळजी नसते. धास्ती वाटते ती फाडफाड बरोबर बोलणाऱ्याची. न्यूटनचा पहिला नियम विचारा, ‘बाह्य असंतुलित बला’सकट एका दमात म्हणून दाखवील. मग हळूच विचारावं, “चेंडू वर फेकलास, हातातून सुटला, वर चाललाय. हवा सोडून दे. आता त्याच्यावर कोणतं बल?”

“गुरुत्वाकर्षण सर. आणि हाताचं.”

“हात तर खालीच राहिला!”

“पण चेंडूत भरलंय ना ते. संपलं की खाली येतो.”

म्हणजे मोबाइलचं रिचार्जच. आता याला ठोंब्या म्हणायची सोय नाही, कारण चौदाव्या शतकात पॅरिसचे ज्याँ ब्युरिदाँ साधारण हेच सांगत आणि विद्वान म्हणवून घेत. आमच्या मागच्या बाकावर असे बरेच ब्युरिदाँ बसतात. बोर्ड त्यांना मार्क देत नाही, एवढाच फरक.

या मंडळींना पकडायला अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक चाचणी छापली. आकडेमोड शून्य. आणि चुकीचे पर्याय मुलांच्याच डोक्यातून उचललेले, त्यामुळे भलतेच मोहक. तिचीच आधीची आवृत्ती हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मला एरवी वाटतं तशी? आमच्याकडे हे कोणी विचारत नाही. मार्क कशाला आहेत, ते आमच्या मुलांना आठवीतच कळलेलं असतं.

म्हणून मी प्रयोगाआधी अंदाज वहीत लिहून घेतो, तोही पेनने. एकसरीत दोन सारखे बल्ब जोडले, की बहुमत ठरलेलं : पहिला जास्त उजळणार, कारण दुसऱ्याला उरलेली वीज मिळते. बटण दाबलं, दोन्ही सारखेच. कोणाची समजूत हलत नाही. “सर, दुसरा बल्ब नवीन असेल.”

पण खरी मजा ऋतूंची. उन्हाळा का होतो? पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून! मी सांगतो, बाबांनो, पृथ्वी सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि तेव्हाच निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

वर्ग गप्प. मग मागून आवाज, “सर, निफाड लांब असेल.”

“लांब नाही रे, पृथ्वीचा अक्ष कललाय.”

“तेच म्हणतोय सर. कललंय म्हणून लांब.”

पृथ्वीचा अख्खा व्यास जेमतेम १२,७०० किलोमीटर, त्या कोट्यवधींत तो हिशेबातच येत नाही. किरण तिरपे पडतात, दिवस लहान होतो, असं सगळं फळ्यावर काढून दाखवलं. गडी मान डोलवत होता. जाता जाता वहीत डोकावलो. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, “हिवाळ्यात किरण तिरपे पडतात (कारण निफाड लांब).”