आसनशुद्धिविचार

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय सायकलस्वाराची गादी लावलेली चड्डी. प्रयोजन, सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत न विव्हळता बसता येणे. संबंधाबद्दल फार बोलू नये. चड्डी आणि नेसणारा यांच्याइतका निकट संबंध वेदान्त्यांनाही साधलेला नाही. राहिला अधिकारी. मंडईतून कोथिंबीर आणायला सायकल काढणारा अधिकारी नव्हे, त्याने खुशाल लेंग्यावर जावे. पहाटे पुण्याहून निघून लोणावळ्याला वडापाव खाऊन परतणारा, किंवा २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव घालून बसलेला, हा खरा अधिकारी. त्या २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जास्तीत जास्त ९०. आपल्या मुलुखात असे अधिकारी नाहीत, असेही समजू नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांत मिळून पुरी केली. त्यांचे पाय सर्वांनी वाखाणले. बैठकीची दखल कोणी घेतली नाही, म्हणून हा खटाटोप.

प्रथम मूलभूत प्रश्न: मनुष्य बसतो कशावर? कडक बाकावर दोन्ही तळवे खाली घालून बसावे आणि किंचित पुढे वाकावे. तळव्यांना जी दोन हाडे टोचतात, त्यांवर. ओटीपोटाच्या हाडांची ही खालची टोके भार पेलण्यासाठीच आहेत. त्यांच्या मधला भाग मात्र नाजूक. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर राहील आणि मधली वाट मोकळी राहील, एवढेच चड्डीतल्या गादीचे काम.

यावर पूर्वपक्ष असा की, मग गादी जितकी जाड तितकी बरी. हे मत दुकानात फार लोकप्रिय आहे, आणि चूक आहे. मऊ, फुगीर गादीत हाडे रुततात, मधला फोम वर येतो आणि नेमक्या नाजूक जागी दाबतो. तासाभरात मुंग्या येतात. सीटवर चढवायच्या जेलच्या कव्हराचाही हाच दोष. म्हणून गादीची जाडी पाहू नये, घट्टपणा पाहावा. अंगठ्याने दाबावी, ती दबली पाहिजे, पण अंगठा तळाला टेकता कामा नये, आणि सोडताच ती वर आली पाहिजे. बायकांच्या आणि पुरुषांच्या ओटीपोटाची ठेवण वेगळी असते, म्हणून गाद्याही वेगळ्या. ‘युनिसेक्स’ लिहिलेली चड्डी दोघांनाही सारखीच छळते.

मापाची परीक्षा उभ्याने घेऊ नये. आरशासमोर ताठ उभे राहिले की मागे फुगवटा दिसतो, खांद्यावर पट्टे असलेली बिब असेल तर ती पोटाकडे ओढते आणि सोबत आलेल्या माणसाला हसू फुटते. ट्रायल रूममध्ये हँडल धरल्यासारखे वाकावे. वाकल्यावर गादी कातडीला कुठेही सुरकुती न पडता चिकटली, तर माप बरोबर. सैल चड्डी हा सर्वांत महागडा व्यवहार, कारण गादी एकीकडे आणि स्वार दुसरीकडे सरकतो, मधल्यामध्ये कातडी सोलते. बिबमध्ये कंबरेचे इलॅस्टिक नसल्याने पोटाला काच पडत नाही. तिचा एकमेव दोष लघुशंकेच्या वेळी कळतो. तो आडोशाला उभे राहून अनुभवावा, इथे विस्तार नको.

थोडा इतिहास. पूर्वी लोकरीच्या चड्डीत शॅमॉय जातीचे मऊ चामडे शिवत. एकदा धुतले की ते वाळून कडक होई, मग त्याला मलम चोळून पुन्हा माणसात आणावे लागे. आजचे शॅमॉय क्रीम त्याच मलमाचे वारस. चामडे गेले, फोम आला, क्रीम राहिले. १९५५ साली लुइसाँ बोबे याने सलग तिसऱ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली ती बैठकीच्या जखमा सोसून, आणि नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. शॉन केली हा आयरिश स्वार १९८७ च्या स्पेनच्या शर्यतीत आघाडीवर होता. मोजके दिवस उरले असताना एका गळवाने त्याला खाली उतरवले. बोबेच्या विजयानंतर तीनच वर्षांनी, १९५८ साली, अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने आजच्या चड्डीतला लायक्राचा धागा शोधला. सायकलस्वारांनी त्याचे पुतळे अजून उभारलेले नाहीत.

आता ग्रंथाचा गाभा. आमचा सिद्धांत असा की, गादीची चड्डी हे सोवळे आहे, आणि आजीने सोवळ्याला लावलेले सगळे नियम तिला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला नियम: सोवळ्याच्या आत शिवलेले काही चालत नाही. इथे सभ्य गृहस्थ दचकून विचारतात, “म्हणजे आत काहीच घालायचे नाही?” नाही. आतल्या चड्डीचा सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि तिची शिवण नेमकी मांडीच्या सांध्यात येते. मिनिटाला ८० पेडल धरले, तर ती शिवण तासाला ४८०० वेळा घासते. संकोच त्यापेक्षा स्वस्त पडतो.

दुसरा: एकदा नेसले की ओवळे. “कालच तर घातली होती, फार घाम नव्हता आला,” हे वाक्य केसतोडाचे मूळ आहे. ओलसर, उबदार गादीत जंतू वाढतात आणि घासून दुखावलेल्या केसांच्या मुळाशी जातात. याच न्यायाने राइड संपल्यावर त्याच चड्डीत तासभर मिसळ खात बसणे वर्ज्य. आमच्या मते पुण्यातल्या निम्म्या केसतोडांचे पाप घाटावर नाही, तर्रीवर आहे.

तिसरा: धुण्याचा विधी. चड्डी उलटी करावी, गार किंवा कोमट पाण्यात साध्या, सौम्य साबणाने हाताने धुवावी. ब्रश लावू नये, ब्लीच लावू नये. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य कटाक्षाने टाळावे. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम ओढून घेण्याचा त्यांचा गुण जातो. गादी पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावी. इस्त्रीचा तर विचारही नको. आणि सोवळे जसे इतरांनी शिवायचे नाही, तशी ही चड्डी धुण्याला येणाऱ्या मावशींच्या बादलीत टाकू नये. त्यांचा ब्रश जीन्ससाठी घडलेला असतो.

वाळवण्याबाबत मतभेद आहे. आईचा पक्ष: कडक ऊन दाखवल्याशिवाय जंतू मरत नाहीत. लायक्राचा पक्ष: कडक उन्हात मी मरतो. निर्णय असा की, गादी बाहेरच्या बाजूला ठेवून वाऱ्याच्या जागी, सावलीत वाळवावी. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली टांगावी, आणि सकाळी गादी हाताला गार लागली तर ती अजून ओली आहे असे समजावे.

क्रीम लागेल तिथे, थोडेच लावावे. पेट्रोलियम जेली काम करते, पण गादीत बसली की निघता निघत नाही.

चड्डीचा अंत कसा ओळखावा? आपल्याकडे प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे मानतात. अंगठ्याने दाबलेली गादी वर आली नाही, हे प्रत्यक्ष. नवीन दुखणी सुरू झाली, हे अनुमान. पण कापड मागून पारदर्शक झाले आहे, हे नेसणाऱ्याला दोन्हींनी कळत नाही. तिथे मागच्या स्वाराचा शब्दच प्रमाण. तो चांगला मित्र असेल तर सांगेल, फार चांगला असेल तर पुढे निघून जाईल.

चड्डीच्या माथी फुकाचा दोषही मारू नये. सीट उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डोलते आणि कितीही भारी गादी घासणारच. एकाच बाजूला दुखत असेल तर आधी सीटची उंची आणि तिरकेपणा तपासावा. गाठ कडक झाली, ठणका लागला किंवा ताप आला, तर ती फोडू नये, सायकल ठेवून डॉक्टरकडे जावे.

शेवटी, किती घ्याव्यात हा प्रश्न. एक अतिमहाग घेऊन ती ओवळी वापरण्यापेक्षा दोन मध्यम घ्याव्यात. कोकणात राहत असाल, तर तीन.