काळी एक आणि मी

सोलापुरात मला दर्दी म्हणतात. दर्द नेमका कुठे होतो, ते माझ्या शेजारी बसणाऱ्याला विचारावं. समेवर माझी थाप पडते ती बहुधा त्याच्याच मांडीवर. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेतून मी 'वाह' म्हटलं, तरी गवई मंचावरून हात जोडतो. गिरणीच्या भोंग्याशी स्पर्धा करत वाढलेला गळा. त्याला कुजबुज जमत नाही.

अशा माणसाला भाचीने पुण्याला बोलावलं. एका विद्यापीठाच्या संगीत विभागात परदेशी पाहुण्या बाईंचं पियानोवादन होतं.

"मामा, एकच सांगते. मध्ये दाद द्यायची नाही."

"मग श्रोते कशाला बोलावलेत?"

"ऐकायला."

हे कारण मला नवीन होतं.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालो. पिशवीत भाचीसाठी शेंगाचटणी, डोक्यात पूर्वतयारी. माझी पेटी साडेतीन सप्तकांची. पियानोला पट्ट्या ८८, म्हणजे सात सप्तकं आणि वर थोडी चिल्लर. बेथोव्हेनचा 'मूनलाइट सोनाटा', १८०१ सालचा, भाग तीन. सूर काळी एक. माझीही काळी एकच! नातं जुळलं.

बाई आल्या, वाकल्या, बसल्या आणि थेट वाजवायलाच लागल्या. ना सूर लावणं, ना 'मॉनिटर वाढवा', ना ज्येष्ठांची परवानगी. तीन-तीन स्वरांचे घोस सावकाश उलगडू लागले. सवयीने बोटांवर मोजलं. चार घोस, तीन चोक बारा. एकताल! तबलजी चहाला गेला असावा, अशा समजुतीने मी पायाने ठेका धरला. पुढच्या रांगेतले आजोबा वळून बघायला लागले. मला वाटलं, दाद देताहेत.

पहिला भाग खर्जात विरत गेला. दोन हलके ठोके, आणि शांतता. रोखून धरलेलं सगळं एकदम सुटलं : "वाऽऽह! क्या बात है!" वर टाळ्या. सभागृहात टाळ्या वाजवणारे हात दोनच होते आणि दोन्ही माझे. नंतर कळलं, नेमक्या त्याच जागी 'न थांबता लगेच पुढे' अशी सूचना बेथोव्हेननेच लिहून ठेवली आहे. त्याला सोलापूरची कल्पना असावी.

भाचीने माझी मनगटं पकडली. दुसरा भाग इतका छोटा, की तो येऊन गेल्याचं मला कळलंच नाही. मग वादळ सुटलं. बाईंची बोटं खालून वर नुसती झेपावत होती. मी ओठ चावून दगड झालो. शेवटचे दोन ठोके कडाडले आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. बसून राहिलो मी एकटा. माझ्या हिशेबाने एक भाग अजून बाकी होता! बाईंची नजर नेमकी माझ्यावर. मध्येच ओरडणारा हा गृहस्थ शेवटी नाराज झाला, असंच त्यांना वाटलं असणार.

स्टेशनवर भाचीने समजूत घातली. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीला लोकांनी ऐन मध्यात टाळ्या दिल्या. ती जागा त्याने टाळ्यांसाठीच बांधली होती. खूश होऊन तो आइस्क्रीम खायला गेला, असं त्यानेच वडिलांना पत्रात कळवलंय. गप्प बसायची शिस्त मागाहून आली.

"म्हणजे माझं चुकलं नाही?"

"नाही मामा. फक्त उशीर झाला. अडीचशे वर्षं."

"मग आइस्क्रीम?"

"ते वाजवणाऱ्याने खायचं असतं."

"अगं, मग मीच एकटा वाजवत होतो की!"