आडनाव काय म्हणालीस?

"सुनीता, भाची आलीय वाटतं गं पुण्याहून? काय शिकते ती?"

"समाजशास्त्र, काकू. काल जेवताना तिनं एकेक सांगितलं, घास हातातच राहिला माझा. अमेरिकेत मिलवॉकी म्हणून शहर आहे. तिथं २००१ साली डेव्हा पेजर नावाच्या मुलीनं, अजून स्वतःच शिकत होती हं ती, कॉलेजातली चार पोरं नोकरी मागायला पाठवली. दोन गोरे, दोन काळे. शिक्षण, अनुभव, बोलणं-चालणं, सगळं सारखं. फक्त जोडीतल्या एकानं सांगायचं, मी तुरुंगात जाऊन आलोय. तेही आळीपाळीनं."

"अगंबाई! धडधडीत खोटं?"

"खोटंच. साडेतीनशे ठिकाणी गेले. गोऱ्याला, पाटी कोरी असली तर, शंभरातल्या ३४ ठिकाणांहून बोलावणं. तुरुंगवाल्या गोऱ्याला १७."

"आणि काळ्याला? कोरी पाटीवाल्या?"

"१४."

"थांब थांब. म्हणजे तुरुंगातून आलेला गोरा चालतो, आणि ज्यानं कोर्टाची पायरी चढली नाही तो काळा नाही?"

"तेच तर! तुरुंगवाला काळा तर पाचावर."

"मेलं, एवढा खटाटोप कशाला? मालकांनाच विचारायचं की सरळ."

"विचारलं ना नंतर, फोन करून. तोंडानं सगळे गोड! आम्ही घेऊ की तुरुंगातून आलेल्याला, म्हणणारे पुष्कळ. पण तसं म्हणणाऱ्यांनी इतरांपेक्षा जास्त पोरं बोलावली होती, असं काही दिसलं नाही."

"अमेरिकेतलं गं ते. आपल्याकडं कुठलं एवढं!"

"आपल्याकडंही झालंय, काकू. आपले सुखदेव थोरात, यूजीसीचे अध्यक्ष होते ते, आणि पॉल ॲटवेल. पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. २००७ साली छापून आलं. सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं यायची शक्यता दोन-तृतीयांश, मुसलमान नावाला एक-तृतीयांश."

"शिव शिव! आमच्या घरात नाही बाई असलं काही."

"मग त्या नर्सला वरची खोली का नाही दिलीत? डिपॉझिट हातात घेऊन आली होती बिचारी."

"अगं, पुतण्याला लागणार होती खोली."

"कुलूप तर अजून तसंच आहे."

"आणि नॉनव्हेज शिजवलं असतं तिनं. वास कोण सोसणार?"

"शिजवते म्हणाली का ती?"

"विचारायचं काय त्यात? आडनावावरून कळतं की!"